गंज, गेरवा आणि तांबेरा

लग्नानंतर अमरावती जिल्ह्यातल्या सासरच्या घरी माझा दुसराच दिवस होता. सकाळी स्वयंपाकघरात सासूबाई मला म्हणाल्या, "त्या गंजात दूध तापाले ठेव बरं बाई," आणि मी दुधाची चरवी हातात घेऊन तशीच उभी राहिले. माझा जन्म आणि बालपण रत्नागिरीचे. तिथे गंज म्हणजे खिडकीच्या गजांवर, पंपाच्या नटबोल्टांवर, कडीकोयंड्यावर आणि पावसाळ्यात चुकून अंगणात राहिलेल्या कोयत्यावर चढणारा तांबूस थर. त्यात दूध कसे ठेवायचे, हे मला कळेना. सासूबाईंनी माझा गोंधळ ओळखला, फळीवरचे उभ्या काठाचे पितळी भांडे काढून माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाल्या, "हा गंज." आम्ही रत्नागिरीत ज्याला पातेले किंवा टोप म्हणत होतो, त्याला वऱ्हाडात गंज म्हणतात, हे मला त्या सकाळी समजले.

पुढे इंग्रजीतून मराठीत शेतीविषयक पुस्तिका आणि माहितीपत्रके अनुवादित करण्याचे काम मी पत्करले, तेव्हा हाच शब्द दुसऱ्या बाजूने समोर आला. इंग्रजीत 'रस्ट' हा एकच शब्द लोखंडाच्या गंजासाठी, गव्हाच्या रोगासाठी, साडीच्या रंगासाठी आणि सराव सुटलेल्या माणसासाठीही चालतो. मराठीत या प्रत्येक ठिकाणी आपल्याजवळ वेगळा शब्द आहे. याच्या उलट, आपला 'गंज' भांडे होतो, ढीग होतो, बाजारपेठ होतो आणि लोखंडावरही चढतो. अनुवाद करताना या दोन्ही गोष्टी सतत लक्षात ठेवाव्या लागतात, कारण त्या विसरल्या की केवळ भाषा बिघडत नाही, कधी कधी शेतकऱ्याचे पीकही बिघडते. त्याविषयी पुढे लिहिते.

आधी लोखंडाचा गंज. मे महिना संपत आला की माझे वडील घरातली सगळी लोखंडी अवजारे अंगणात मांडत असत: कोयता, कुदळ, टिकाव, फावडे, नारळ सोलायची पहार. प्रत्येक अवजार विटेच्या तुकड्याने घासून, कोरड्या फडक्याने पुसून, त्यावर खोबरेल तेलाचा हात फिरवून ते गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवत. बिजागऱ्यांना घासलेटात भिजवलेल्या चिंधीने पुसत. एखादे अवजार आदल्या वर्षी दुर्लक्षित राहिलेले असेल, तर त्याच्यावर गंजाच्या खपल्या धरलेल्या असत. त्या नखाने उचकटल्या की खाली पुन्हा तांबूस भुकटी दिसे आणि तिच्याही खाली खड्डे पडलेले लोखंड. जखमेवर धरते ती खपली आणि लोखंडावर धरते तीही खपलीच. फरक इतकाच की जखमेची खपली आतल्या कातडीला सांभाळते आणि लोखंडाची खपली आतल्या लोखंडाला सांभाळत नाही.

याचे कारण गंजाच्या घडणीत आहे. लोखंडाला गंजण्यासाठी प्राणवायू आणि पाणी ही दोन्ही लागतात. कोरड्या हवेत लोखंड गंजत नाही आणि हवा पूर्णपणे काढून टाकलेल्या पाण्यातही ते जवळजवळ तसेच राहते. दोन्ही एकत्र आली की लोखंडाच्या पृष्ठभागावर बारीक बारीक विद्युतघट तयार होतात, एका जागचे लोखंड विरघळू लागते आणि शेजारी त्याचे जलयुक्त ऑक्साइड साचू लागते. पाण्यात मीठ असले की वीज सहज वाहते आणि हे सगळे अधिक वेगाने घडते. खाऱ्या वाऱ्याच्या किनारपट्टीवर घराचे गज इतक्या लवकर का खाल्ले जातात, याचे उत्तर हेच आहे. अॅल्युमिनियमवरही ऑक्साइडचा थर येतो, पण तो घट्ट चिकटून बसतो आणि खालच्या धातूचे रक्षण करतो. लोखंडाचा गंज मात्र सच्छिद्र आणि ठिसूळ असतो, मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो आणि फुगून सुटतो. स्लॅबमधली सळई गंजली की ती फुगते आणि बाहेरचे काँक्रीट ढकलून पाडते. मुंबईतल्या जुन्या इमारतींच्या छतांचे पोपडे पडतात आणि आतल्या तांबड्या सळया उघड्या दिसतात, त्यामागे पुष्कळदा हीच क्रिया असते.

दिल्लीत कुतुबमिनारच्या आवारात उभा असलेला सुमारे सोळाशे वर्षांपूर्वीचा लोहस्तंभ या नियमाला अपवाद वाटतो, पण तोही गंजलेला नाही असे नाही. त्याच्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण जास्त आहे. कानपूरच्या आयआयटीतले धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवून दिले, की त्या फॉस्फरसमुळे स्तंभावर गंजाचाच एक पातळ आणि घट्ट थर बसला आहे व तोच आतल्या लोखंडाला राखतो आहे. खपलीने आपले खरे काम केल्याचे हे उदाहरण आहे.

वडील दर दोन-तीन वर्षांनी गजांना रंग देत, तेव्हा आधी पॉलिश पेपरने गंज खरवडून त्यावर रेड ऑक्साइडचा हात मारत. त्या तांबड्या प्राइमरमधला रंग लोखंडाच्या ऑक्साइडचाच असतो, हे मला बऱ्याच वर्षांनी समजले. पाणी शोषून फुगणाऱ्या ऑक्साइडपासून लोखंडाला वाचवायचे, तर त्याच्या अंगावर लोखंडाच्याच दुसऱ्या, स्थिर झालेल्या ऑक्साइडचा लेप चढवायचा. यात मला वडिलांच्या त्या खटाटोपाचे सौंदर्य दिसते आणि आजही दुकानात तो तांबडा डबा दिसला की मी थांबते.

खरे तर रत्नागिरीचा सगळा प्रदेशच त्या रंगाचा आहे. ज्या जांभ्याच्या चिऱ्यांनी आमचे घर, विहिरीचा काठ आणि गडगा बांधलेला होता, तो दगड म्हणजे उष्ण आणि पावसाळी हवेत मूळ खडक हजारो-लाखो वर्षे झिजत गेल्यावर, बाकीचे क्षार आणि सिलिका धुऊन गेल्यावर मागे उरलेला लोखंड आणि अॅल्युमिनियम यांच्या ऑक्साइडांचा साठा. फ्रान्सिस बुकानन या ब्रिटिश अधिकाऱ्याने मलबारात असाच दगड पाहिला आणि १८०७ मध्ये छापलेल्या प्रवासवृत्तांतात त्याला लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून 'लॅटराइट' हे नाव दिले. चिरेखाणीतून तो मऊ असताना कापता येतो आणि हवा लागली की कठीण होतो, हे त्याने नोंदवले. कोकणातल्या चिरेखाणीवर काम करणाऱ्या कोणालाही ते शिकवावे लागले नसते. त्याच प्रदेशात, सिंधुदुर्गात आणि गोव्यात, देवळांच्या भिंतींवर तांबड्या मातीच्या रंगाने आणि पांढऱ्या चुन्याने काढलेली कावी चित्रे आहेत. ओल्या गिलाव्यावर काव चढवायची आणि ती कोरून खालचा पांढरा चुना उघडा करायचा, अशी ती कला. ही काव आणि आपण कुंडीला फासतो तो गेरू, दोन्हींचा रंग लोखंडाच्या ऑक्साइडचा. पुढे हा गेरू पुन्हा येणार आहे.

लोखंडाखेरीज इतर धातूंच्या बाबतीत मराठी माणूस 'गंज' हा शब्द सहसा वापरत नाही आणि ही काटेकोर निवड मला फार मोलाची वाटते. चांदी काळी पडते. तांबे-पितळ हिरवे पडते आणि त्या हिरव्या राखेसारख्या थराला जंगाल म्हणतात. फारसीत गंजाला 'झंग' म्हणतात, हिंदीतला 'जंग' तिथूनच आला आणि जंगाल हा शब्दही त्याच घरातला. पितळेच्या भांड्यात ताक, चिंच किंवा आमसूल घातलेली आमटी ठेवली तर ती कळकते. हे क्रियापद भांड्यासाठी नसून आतल्या पदार्थासाठी आहे. भांड्याचे काय झाले यापेक्षा खाणाऱ्याचे काय होईल याकडे त्याचे लक्ष आहे. कळकू नये म्हणून कल्हई करायची आणि कल्हई उडाली की खालचे पितळ दिसते. एखाद्याचे 'पितळ उघडे पडले' असे आपण म्हणतो ते यामुळेच. सासूबाईंच्या त्या गंजालाही आतून कल्हई होती. कल्हईवाला गावात येणे बंद झाल्यावर तो गंज फळीवरच राहिला आणि त्याची जागा स्टीलच्या गंजाने घेतली. न गंजणाऱ्या पोलादाच्या भांड्याला गंज म्हणताना त्या घरात कोणाच्याही मनाला काहीही खटकत नाही, कारण तिथे हे दोन शब्द एकमेकांना कधी भेटतच नाहीत.

आयुर्वेदात आणखी एक शब्द आहे, मंडूर. लोखंड गाळताना निघालेले जुने किट्ट म्हणजे मंडूर. शंभर वर्षे जुने किट्ट उत्तम, ऐंशी वर्षांचे मध्यम, साठ वर्षांचे अधम आणि त्याहून नवे विषासमान, असे त्याविषयी सांगितलेले आहे. जे आपण टाकून देतो त्याची प्रत वयावरून ठरवणारी ही मोजणी मला विलक्षण वाटते. शुद्ध करून केलेले मंडूर भस्म वैद्य पांडुरोगात, म्हणजे रक्त कमी होण्याच्या विकारात, वापरत आले आहेत. घरात तेलाच्या बुधलीवर चढणारे किटण आपल्या रोजच्या बोलण्यात आहे, ते याच किट्टाच्या कुळातले.

आता दुसरा गंज. फारसीत 'गंज' म्हणजे खजिना, आणि संस्कृतातही गंज हा शब्द कोषागार आणि बाजार या अर्थांनी आहे. काश्मीरच्या जुन्या संस्कृत लेखनात कोषाध्यक्षाला 'गंजवर' म्हटलेले आढळते. धान्याचा साठा, साठ्याची जागा आणि साठा विकायची जागा अशी वाट चालत हा शब्द उत्तर हिंदुस्थानातल्या कित्येक गावांच्या नावांत जाऊन बसला. आपल्याकडेही तो आहे. लातूरची गंजगोलाई सगळ्या मराठवाड्याला माहीत आहे. मधोमध गोल इमारत आणि तिच्यापासून चहूकडे फुटणारे १६ रस्ते, आणि बहुतेक रस्त्यांवर वेगवेगळ्या मालाचा बाजार. पुण्याच्या ज्या पेठेत महात्मा फुल्यांचा वाडा आहे तिचे जुने नाव गंज पेठ. आज तिला महात्मा फुले पेठ म्हणतात. संभाजीनगरात शहागंज आहे. या नावांचा लोखंडाच्या गंजाशी काहीही संबंध नाही. पण पुण्यात वाढलेल्या एका मैत्रिणीला लहानपणी वाटत असे, की त्या पेठेत भंगारवाले राहतात म्हणून तिला गंज पेठ म्हणतात. शब्द सारखा ऐकू आला की मन त्याला एकच गोष्ट चिकटवते.

शेतात कडब्याची किंवा गवताची रचून ठेवलेली गंज किंवा गंजी हीही ढिगाच्या अर्थाची. सासरे कडब्याच्या पेंढ्या शेंडे आत आणि बुडखे बाहेर अशा लावून गंजी रचत, वरून ती उतरती करत, म्हणजे अवकाळी पाऊस आला तरी पाणी आत मुरत नसे. सावंतवाडीचा गंजिफा हा लाखकाम केलेल्या गोल पत्त्यांचा खेळ मात्र फारसीतून आपल्याकडे आला. दशावतारी गंजिफ्यात दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येकी १२ पाने, म्हणजे १२० पाने असतात. आणि आपले आजोबा ज्याला गंजिफ्रॉक म्हणत ते बनियन तर थेट इंग्लिश खाडीतल्या गर्न्सी बेटावरून आले. तिथल्या कोळ्यांच्या विणलेल्या अंगरख्याचे नाव बदलत बदलत आपल्या दोरीवर वाळत पडले. 'रंजलेगांजले' मधला गांजणे तर पूर्णपणे निराळा. त्याचा अर्थ छळणे, पीडा देणे. पण नव्या मुलांच्या वह्यांत तो शब्द 'रंजले गंजले' असा लिहिलेला मी अनेकदा पाहिला आहे. दुःखाने माणूस गंजतो, असा अर्थ त्यांनी आपल्या मनाने लावलेला असतो. त्या चुकीवर मला रागावता येत नाही. तरीही ती दुरुस्त करावी, असेच मला वाटते, कारण गांजलेल्या माणसाला कोणीतरी गांजलेले असते आणि गंजण्याला कोणी जबाबदार नसतो. त्या एका कान्याने अन्याय करणारा वाक्यात राहतो.

लोखंडाच्या गंजाचा लाक्षणिक उपयोगही आपण मोजकाच करतो. बुद्धीला गंज चढतो. पण सराव सुटलेल्या हाताला आपण गंजलेला म्हणत नाही. "हात मोडला" किंवा "सवय सुटली" असे म्हणतो. इंग्रजीतून जसेच्या तसे उचलून "माझे संस्कृत थोडे गंजले आहे" असे लिहिलेले वाचले की मला खटकते. रंगाच्या बाबतीत साडीच्या दुकानात हल्ली सर्रास 'रस्ट कलर' म्हणतात. त्यातल्या बहुतेक साड्यांना माझी आई विटकरी म्हणाली असती.

माझा भाचा पुण्यात संगणक क्षेत्रात काम करतो. मागच्या वर्षी त्याने मला फोन करून विचारले, "मावशी, मी मराठीत एक व्याख्यान देतोय, 'रस्ट' या प्रोग्रॅमिंग भाषेवर. नावाचा अर्थ सांगताना गंज म्हणू ना?" मी त्याला त्या नावाचा इतिहास शोधायला सांगितले आणि स्वतःही वाचला. ग्रेडन होअर या प्रोग्रॅमरने २००६ च्या सुमारास स्वतःच्या वेळात ही भाषा रचायला सुरुवात केली, नंतर मोझिला या संस्थेने तिला आधार दिला आणि मे २०१५ मध्ये तिची पहिली स्थिर आवृत्ती आली. होअरने सांगितले आहे की नाव सुचले ते वनस्पतींवर येणाऱ्या रस्ट बुरशींवरून, कारण त्या बुरशी तगून राहण्यासाठी कमालीच्या तयारीने घडलेल्या असतात. पुढे त्या भाषेच्या बोधचिन्हात सायकलच्या दातेरी चक्राची आकृती आली, तिच्या वापरकर्त्यांनी 'फेरिस' नावाचा एक खेकडा लाडका केला आणि त्याच्या नावात लोखंडाच्या 'फेरस' या शब्दाची छटा आहे. म्हणजे इंग्रजी बोलणाऱ्यांनाही एकाच शब्दामुळे बुरशीकडून लोखंडाकडे सहज घसरता आले. मराठीत ते घसरणे शक्यच नाही. मी भाच्याला म्हटले, "गंज म्हणू नकोस. तांबेरा म्हण."

तांबेरा हा शब्द त्याने ऐकलेलाच नव्हता. शहरात वाढलेल्या मुलाने तो ऐकलेला नसणे स्वाभाविक आहे, परंतु शेतकऱ्याच्या घरात तो शब्द मोठ्याने उच्चारला की सगळे गप्प होतात. मी तो पहिल्यांदा सासऱ्यांकडून ऐकला. जानेवारीतली ढगाळ सकाळ होती, रात्रभर दव पडलेले होते आणि ते गव्हाच्या वावरातून फिरून आले होते. त्यांच्या पांढऱ्या धोतराच्या सोग्यावर नारिंगी-तांबड्या भुकटीचे पट्टे उमटलेले होते. सासूबाईंनी ते पाहिले आणि फक्त "तांबेरा?" इतकेच विचारले. सासऱ्यांनी मान हलवली. मला वाटले होते की धोतर कुठल्यातरी गंजलेल्या पत्र्याला लागले असेल.

ती भुकटी म्हणजे पक्सिनिया या कुळातल्या बुरशीचे बीजाणू. पानाच्या किंवा खोडाच्या आत वाढलेली बुरशी वरची त्वचा फाडून बाहेर येते, तिथे पुटकुळ्या दिसतात आणि त्यांतून असंख्य बीजाणू वाऱ्यावर सुटतात. नव्या पानावर पडल्यावर बीजाणूला रुजण्यासाठी काही तास पाण्याचा पातळ थर लागतो. ढगाळ हवा आणि पहाटेचे दव शेतकऱ्याला का नको असते ते यावरून कळेल. लोखंडालाही गंजण्यासाठी तसाच पाण्याचा थर हवा असतो. या दोन 'रस्ट'मध्ये रंगाखेरीज एवढेच साम्य आहे. गव्हावर तीन तांबेरे येतात. पानांवर येणारा तो नारिंगी किंवा तपकिरी, पानांवर ओळीने पट्टे उमटवणारा तो पिवळा आणि खोडावर येणारा तो काळा. शेवटचा सुरुवातीला तांबडाच असतो, पीक पिकत आले की त्याचे बीजाणू काळे होतात. खोडातून वर जाणारा अन्नरस तो वाटेतच खातो, त्यामुळे ओंबी भरत नाही आणि दाणा चिमतो. मोहरीवर 'पांढरा तांबेरा' नावाचा रोग येतो. तो खऱ्या तांबेऱ्यांच्या गटातला नाही आणि पांढरा असून तांबेरा म्हटला जातो, म्हणजे इथे शब्दाने आपला रंगही सोडला आहे.

लॅटिनमध्ये धातूच्या गंजाला आणि पिकाच्या तांबेऱ्याला 'रोबिगो' हा एकच शब्द होता. रोमन लोक २५ एप्रिलला रोबिगस या देवतेची आराधना करून गव्हाला या रोगापासून वाचवण्याची प्रार्थना करत असत. रोबिगो काय, इंग्रजी रस्ट काय, दोन्ही शब्द लाल रंगाच्या धातूंपासून, म्हणजे भाषेच्या धातूंपासून, आलेले आहेत. आपल्याकडेही रंगच पाहिला गेला, पण उपमेसाठी लोखंड घेतले नाही. मराठीने तांबे घेतले आणि तांबेरा म्हटले. हिंदीत रतुआ आणि गेरुआ आहेत आणि मराठीतही काही भागांत गेरवा म्हणतात. कुंडीला फासायचा गेरू तो हाच. महाबळेश्वरला राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे जे केंद्र या रोगावर काम करते, त्याच्या मराठी नावातही गेरवा हाच शब्द आहे.

महाबळेश्वरसारख्या थंड डोंगरावर असे केंद्र का असावे, हे समजायला करमचंद मेहता यांचे काम माहीत असावे लागते. आग्र्याला अध्यापन करणाऱ्या या शास्त्रज्ञाने आयुष्यातली अनेक वर्षे एकाच प्रश्नामागे घालवली: मे-जूनच्या उन्हात मैदानातले सगळे बीजाणू मरतात, शेतात गहूही नसतो, मग हिवाळ्यात तांबेरा पुन्हा येतो कुठून? युरोप-अमेरिकेत काळ्या तांबेऱ्याची बुरशी आयुष्याचा काही भाग बार्बेरीच्या झुडपावर काढते, हे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ डी बारी यांनी १८६५ मध्ये सिद्ध केले होते. त्या झुडपाची हिमालयातली भावंडे म्हणजे आपली दारुहळद. परंतु भारतात या रोगाच्या वर्षानुवर्षे परतण्यात त्या झुडपाचा वाटा नाही, असे मेहतांनी दाखवले. बुरशी उन्हाळा काढते ती थंड डोंगरांवर, जिथे गहू उन्हाळ्यातही कुठे ना कुठे हिरवा असतो. दक्षिणेत निलगिरी आणि पळणीचे डोंगर, उत्तरेत हिमालय. तिथून वाऱ्यावर बीजाणू मैदानात उतरतात आणि नोव्हेंबरातल्या चक्रीवादळांच्या पावसाबरोबर ते दक्षिणेकडून मध्य भारतापर्यंत पोहोचतात, हे नंतरच्या शास्त्रज्ञांनी अधिक तपशिलाने मांडले. म्हणजे सासऱ्यांच्या धोतरावर उमटलेला रंग शेकडो कोसांवरच्या डोंगरातून निघून आलेला असू शकतो. १९४६-४७ च्या हंगामात मध्य भारतात काळ्या तांबेऱ्याची जी साथ आली, तिची आठवण आमच्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात मी स्वतः ऐकलेली आहे. त्या वर्षी गहू कापला तो गुरांपुढे टाकण्यासाठी, असे ते सांगत.

हे सगळे माहीत झाल्यावर एका कीडनाशकाच्या माहितीपत्रकात मी "सोयाबीनवरील गंज रोगाच्या नियंत्रणासाठी" हे शब्द वाचले, तेव्हा मला झालेला संताप अजून आठवतो. कोणीतरी इंग्रजी मजकूर कोशात पाहून, किंवा यंत्राच्या हवाली करून, मराठीत आणला होता. कृष्णाकाठच्या सांगली-कोल्हापूर पट्ट्यात सोयाबीनवर तांबेरा ही फार मोठी अडचण आहे. कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्राने त्यासाठीच 'फुले संगम'सारखे या रोगाला तोंड देणारे वाण काढले आहेत. तिथला शेतकरी हातात पुडा घेऊन 'गंज' वाचतो, तेव्हा आपल्या पानांवर पडलेले तांबूस ठिपके आणि हा शब्द यांचा मेळ त्याला लागत नाही. शेजारच्या दुकानात जाऊन तो "तांबेऱ्याचं औषध" मागतो आणि जे देतील ते घेऊन येतो. मात्रा, फवारणीची वेळ आणि काढणीपूर्वी किती दिवस थांबायचे हे सगळे त्याच पत्रकावर छापलेले होते, पण ते त्याच्यासाठी नव्हतेच असे झाले. मी त्या कंपनीला पत्र लिहिले. उत्तर आले नाही. तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक कामात मी हा शब्द आधी शोधते आणि प्रत्येक ठिकाणी तांबेरा लिहून कंसात गेरवा लिहिते, म्हणजे नाशिकच्या आणि वऱ्हाडच्या दोघांनाही तो आपला वाटेल.

या शोधातच मला एक मराठी शब्द भेटला, ज्याची मला मुळीच अपेक्षा नव्हती. १९२२ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात स्टॅकमन आणि लेव्हिन या शास्त्रज्ञांनी काळ्या तांबेऱ्याच्या निरनिराळ्या जाती ओळखण्यासाठी गव्हाचे १२ वाण निवडले. बुरशीचा नमुना या बाराही वाणांवर टाकायचा आणि कोणता वाण बळी पडतो, कोणता टिकतो यावरून ती कोणती जात आहे ते ठरवायचे. पुढची कित्येक दशके जगभर हीच बारा नावे वापरली गेली. मार्क्विस, कोटा, कुबांका अशा त्या नावांत शेवटचे नाव आहे 'खपली'.

सांगली, सातारा, सोलापूर या भागांत खीर आणि पुरणपोळीसाठी पेरला जाणारा आपला खपली गहू. मळणी झाली तरी त्याच्या दाण्याला टरफल घट्ट चिकटून राहते, ते काढायला वेगळे कांडावे लागते, म्हणून त्याला खपली म्हणतात. या गव्हाची तांबेऱ्यापुढे टिकण्याची ताकद पाहून सिडनी विद्यापीठाच्या वॉटरहाउस यांनी त्याचा स्टाइनवेडेल या वाणाशी संकर केला आणि तयार झालेल्या वाणाला दोघांच्या नावांतून 'खॅपस्टाइन' हे नाव दिले. खपलीतून पुढे गेलेल्या प्रतिकारक जनुकांपैकी 'एसआर १३' हे जनुक, १९९८ मध्ये युगांडात सापडलेल्या आणि जगभरच्या गव्हाला धास्ती घालणाऱ्या 'यूजी ९९' या काळ्या तांबेऱ्याच्या गटालाही अडवते. ते जनुक नेमके कोणते, हे शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये वेगळे काढून दाखवले.

हे वाचून मी सासऱ्यांना सांगितले, तेव्हा त्यांचे वय ८० च्या पुढे होते. वऱ्हाडात खपली फारसे कोणी पेरत नाही, त्यांनीही कधी पेरलेला नव्हता. पुढच्या दिवाळीला सांगलीकडच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून मी पाच किलो बियाणे मागवले. ते त्यांनी विहिरीजवळच्या एका वाफ्यात, नेहमीच्या गव्हाच्या शेजारीच पेरले. जानेवारीत आम्ही गेलो तेव्हा ते मला वावरात घेऊन गेले, एका हाताने आपल्या गव्हाचे आणि दुसऱ्या हाताने खपलीचे पान अंगठ्याने चोळले आणि दोन्ही अंगठे माझ्यापुढे धरले. एक नारिंगी झाला होता, दुसरा नुसता दवाने ओला होता.